वाचक विचारतात : पद्मिनी, अँबॅसिडर आणि थकलेले ब्रेक

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी रस्त्यावर दिसेनाशी झाली. अँबॅसिडरचं पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्यातलं उत्पादन त्याआधीच, २०१४ मध्ये थांबलं होतं. टॅक्सी धावत होत्या तोवर ब्रेकचे कप (ऑइलचा दाब अडवणारी रबरी सील), होज (रबरी नळ्या), लायनर (ड्रमला घासणारे पट्टे) रोज खपायचे आणि दुकानात ताजा माल यायचा. आता मिळतं त्यातलं बरंचसं वर्षानुवर्षं फळीवर पडून असलेलं असतं. घरच्या गाड्या मात्र लोकांनी जिवापाड जपल्या आहेत. आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त ब्रेकबद्दलची आहेत, म्हणून यावेळी फक्त ब्रेक.

प्रश्न (सातारा) : वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी सात वर्षं शेडमध्ये उभी होती. इंजिन चालू झालं, पण ब्रेकचं पेडल थेट खाली टेकतं. मेकॅनिक म्हणतो, मास्टर सिलिंडरचं किट बदलू, एअर काढू, काम होईल. तेवढ्याने भागेल का?

भागणार नाही, आणि असं अर्धं काम न केलेलंच बरं. मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलिंडरला, नवे कप बसले की तो पहिल्यासारखा पूर्ण दाब देऊ लागतो. तो दाब जातो चारही चाकांतल्या कडक झालेल्या जुन्या कपांवर आणि आतून फुगलेल्या होजवर. त्यातलं सर्वांत कमजोर जे असेल ते पुढच्या काही दिवसांत सुटतं. या गाड्यांच्या जुन्या मॉडेलांत चारही चाकांना मिळून एकच सर्किट, म्हणजे ऑइलच्या नळ्यांचं एकच जाळं असतं. एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि हातात उरतो तो फक्त हँडब्रेक.

गाडी उभी होती म्हणजे ब्रेक झिजले नाहीत, असं मालकांना वाटतं. लायनरपुरतं ते खरं आहे, रबरापुरतं नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. हे पाणी व्हील सिलिंडरच्या (लायनर लावलेले शू ड्रमवर दाबणाऱ्या, चाकातल्या सिलिंडरच्या) तळाशी बसतं आणि तिथे बिडाला गंज धरतो. गंजाचे खड्डे पडले की नवा कपही त्या खडबडीत भागावरून घासत दोन-तीन महिन्यांत फाटतो. म्हणून एकाच वेळी करायच्या कामात एवढं धरा : मास्टर सिलिंडरचं किट, सगळ्या व्हील सिलिंडरचे कप आणि धूळ-रबर, पुढचे दोन आणि मागचा एक असे तीन होज, होजच्या जोडांवरचे तांब्याचे वॉशर, शूच्या रिटर्न स्प्रिंग आणि एक लिटर ब्रेक ऑइल. व्हील सिलिंडर किती लागतील हे दुकानात जाण्याआधी ड्रम उघडून मोजा. पुढच्या चाकाला काही बनावटींत एक सिलिंडर असतो, काहींत दोन. कपावर त्याचं माप लिहिलेलं असतं. जुना कप बरोबर घेऊन जा आणि माप जुळवूनच घ्या. मागच्या कोणी चुकीच्या मापाचा कप बसवलेला असू शकतो, म्हणून सिलिंडरचं आतलं मापही घेऊन ठेवा.

कामाला सुरुवात करताना गाडी सपाट जागी घ्या, न उचललेल्या चाकांना लाकडी गुटके लावा आणि जॅकवर विसंबून न राहता घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) गाडी टेकवा. एका वेळी एकाच चाकाचं काम करा. दुसऱ्या बाजूचं चाक नमुना म्हणून तसंच राहू द्या, कारण स्प्रिंग कुठल्या भोकात अडकते आणि कुठला शू पुढे येतो हे फोटोतही नेहमी नीट कळत नाही. ड्रम निघत नसेल तर आधी ॲडजस्टर (शू ड्रमच्या जवळ-लांब करणारा स्क्रू) पूर्ण मागे घ्या. झिजलेल्या ड्रमच्या कडेला कंगोरा तयार होतो आणि त्यात शू अडकतात. ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यात बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, ड्रम सरळ बाहेर येतो. बॅकप्लेटला टेकू देऊन पहारीने उचकटू नका, प्लेट वाकली की शू कायम तिरके बसतात. हबचा नट सोडण्याआधी आटे कुठल्या बाजूचे आहेत ते बघा. काही गाड्यांत एका बाजूला उलटे आटे असतात.

सिलिंडर उघडल्यावर आतली बाजू स्पिरिटने पुसा. पेट्रोल, रॉकेल, डिझेल अजिबात नको. त्याचा नुसता ओशटपणा राहिला तरी रबर फुगतं. पुसल्यावर नखाने चाचपा. नुसता डाग असेल तर ब्रेक ऑइलमध्ये भिजवलेल्या ४०० नंबरच्या वॉटर पेपरने गोल फिरवून घासा, लांबीच्या दिशेने कधीच नको. नख अडकेल असा खड्डा असेल तर घासून उपयोग नाही. खड्डा जाईपर्यंत घासलं तर बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) मोठा होतो आणि कपाची कड पिस्टनशेजारच्या फटीत दबून चिरते. अशा वेळी नवा सिलिंडर घ्या, आणि तो मिळतच नसेल तर जुन्याला पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (आतली नळी) बसवून मूळ मापाला बोअर करून घ्या. स्लीव्ह चांगली बसवली तर हा उपाय मूळ सिलिंडरहून जास्त टिकतो, कारण पितळ गंजत नाही.

जुळवणी हात धुऊन, स्वच्छ कापडावर करा. कप, पिस्टन आणि बोअर ताज्या ब्रेक ऑइलने ओले करा. कपाची उघडी, खोलगट बाजू नेहमी ऑइलकडे, पाठ पिस्टनकडे. कप आत घालताना स्क्रूड्रायव्हर वापरू नका, बोटाने एका कडेने आत सरकवा. दोन पिस्टनच्या सिलिंडरमध्ये मधोमध स्प्रिंग, तिच्या दोन्ही बाजूंना कप, मग पिस्टन, मग धूळ-रबर. साधं ग्रीस इथे चालत नाही, लागलंच तर ब्रेकच्या रबरासाठी मिळणारं लाल ग्रीस वापरा.

खरेदीबद्दल एक इशारा. मुंबईत ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ इथे जुन्या दुकानांत मूळ पाकिटातली किट अजून सापडतात. पाकीट पाहून मन हरखतं, पण आतलं रबर पाकिटाइतकंच जुनं असतं. पाच-सहा वर्षांहून जुनं रबर आम्ही ब्रेकमध्ये लावणार नाही, मग त्यावर नाव कोणाचंही असो. धातूचे भाग, म्हणजे सिलिंडर, पिस्टन, स्प्रिंग, जुन्या साठ्यातले खुशाल घ्या. रबर मात्र नव्या उत्पादनाचं.

प्रश्न (कोल्हापूर) : माझी अँबॅसिडर घरातून निघते तेव्हा ठीक असते. दहा-बारा किलोमीटरनंतर ती ब्रेक धरल्यासारखी ओढायला लागते, ड्रम हात लावू देत नाहीत. अर्धा तास थांबलं की पुन्हा मोकळी. शू दोनदा सैल करून झाले.

शू सैल करून हा दोष लपतो, जात नाही. ऑइल तापलं की फुगतं. वाढलेल्या ऑइलला मास्टर सिलिंडरमधल्या एका बारीक भोकातून टाकीत परत जायची वाट असते. पेडल पूर्ण सोडल्यावर मास्टरचा पुढचा कप त्या भोकाच्या मागे येऊन थांबायला हवा. तो थोडा जरी पुढे राहिला तरी भोक झाकलं जातं, दाब आत अडकतो, शू ड्रमला टेकतात, ड्रम तापतो, ऑइल आणखी फुगतं. गार झाल्यावर सगळं आपोआप सुटतं. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं.

आधी पेडल हाताने दाबून पाहा. सुरुवातीचे पाच-सहा मिलिमीटर ते रिकामं जायला हवं. तिथेच दांडा पिस्टनला भिडत असेल तर दांड्याचा लॉकनट सोडून लांबी थोडी कमी करा, पिस्टन आणि दांड्यात साधारण एक मिलिमीटर फट ठेवा. मग टाकीचं झाकण काढून कोणाला तरी पेडल अगदी हलकं दाबायला सांगा. पहिल्याच हालचालीला टाकीत ऑइलची बारीक उसळी दिसली तर भोक मोकळं आहे. तोंड टाकीवर आणू नका, उसळी डोळ्यापर्यंत येते.

इथेच दोष सापडला नाही तर गाडी तापून जाम झालेली असतानाच तपासा. चाकं उचलून फिरवून बघा. चारही जाम असतील तर दोष मास्टरकडे किंवा पेडलच्या परतीच्या स्प्रिंगमध्ये. मागची दोनच असतील तर मागचा होज किंवा हँडब्रेकची केबल. एकच असेल तर त्या चाकाचा पिस्टन, स्प्रिंग किंवा होज. जाम चाकाचा ब्लीडर (व्हील सिलिंडरवरचा, हवा काढायचा स्क्रू) पाव फेरा उघडा. ऑइल उडून चाक सुटलं तर आत दाब अडकला होता हे नक्की. पुन्हा जाम करून यावेळी होजच्या अलीकडचा, म्हणजे मास्टरकडच्या नळीचा नट सैल करा. तिथे सोडून चाक सुटत नाही आणि ब्लीडरला सुटतं, तर होज आतून बंद झाला आहे. होजचं आतलं अस्तर सोलवटून त्याची पापुद्र्यासारखी झडप बनते. पायाचा दाब तिच्यातून पलीकडे जातो, स्प्रिंगच्या जोराने ऑइल परत येत नाही. बाहेरून असा होज अगदी धडधाकट दिसतो.

आणखी एक शक्यता फार महाग पडते. टाकीत कोणी चुकून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलं असेल तर सगळे कप फुगून मऊ होतात आणि भोक झाकतात. पेल्यात पाणी घ्या आणि टाकीतल्या ऑइलचे चार थेंब टाका. नेहमीचं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, खनिज तेल वर तरंगतं. तरंगलं तर गाडी चालवू नका. मास्टर, व्हील सिलिंडर, होज, असलाच तर ऑइलच्या दाबावर चालणारा ब्रेकलाईटचा स्विच, यातलं एकूण एक रबर टाकून द्यावं लागतं आणि लोखंडी नळ्या स्पिरिटने धुवाव्या लागतात. नुसतं ऑइल बदलून काही होत नाही, कारण रबरात मुरलेलं तेल बाहेर येत नाही.

प्रश्न (नाशिक) : ब्रेक ऑइल डॉट ३ घालावं की डॉट ४? सिलिकॉनचं डॉट ५ रंग खराब करत नाही म्हणतात, ते चालेल का?

डॉट ३ पुरेसं आहे, डॉट ४ जास्त चांगलं. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० अंशांना. ओलावा मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत घसरतात. खंबाटकी किंवा आंबा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ड्रमजवळचं ऑइल तेवढं तापू शकतं. उकळलं की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल रिकामं जातं. दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतात ते यासाठीच. घाट मात्र खालच्या गिअरमध्येच उतरा.

डॉट ५ नेहमीच्या ब्रेक ऑइलमध्ये मिसळत नाही आणि जुन्यावर कधीच घालू नये. सगळं नवं रबर, धुऊन कोरड्या केलेल्या नळ्या, अशा नव्या जुळवणीत ते चालू शकतं. पण त्यात हवा बारीक बुडबुड्यांनी अडकून राहते आणि पेडल जरा मऊच लागतं. शिवाय उद्या रस्त्यात कोणी सद्भावनेने डॉट ३ ओतलं तर सगळं बिघडतं. रोजच्या गाडीत आम्ही ते घालणार नाही. डॉट ५.१ हे नाव सारखं असलं तरी वेगळं आहे. ते डॉट ३, डॉट ४ च्याच कुळातलं, त्यामुळे मिसळतं. रंगावर ऑइल सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

प्रश्न (पुणे) : पद्मिनीला नवे लायनर लावले, तेव्हापासून ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. मेकॅनिक म्हणतो, लायनर बसले की सरळ होईल. महिना झाला.

महिन्यात बसले नाहीत ते आता बसणार नाहीत. डावीकडे ओढते याचा अर्थ डावा ब्रेक जास्त धरतो किंवा उजवा कमी. बहुतेक वेळा दुसरंच खरं असतं, आणि लोक नेमका धरणारा ब्रेक खोलून बसतात.

टायरमधली हवा सारखी करा, मग मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीसवरून सात-आठ वेळा ब्रेक मारून थांबा आणि चारही ड्रमजवळ हात नेऊन बघा. हात टेकवू नका, भाजेल. जो ड्रम जोडीदारापेक्षा थंड, तो काम करत नाही. तिथे आधी लायनर ओशट आहे का बघा. पुढे हबचं ग्रीस वितळून येतं, मागे ॲक्सलचं ऑइल सील झिरपतं. मागच्या ॲक्सलची हवा जायची वाट मातीने बंद झाली असेल तर आत दाब वाढून नवं सीलही झिरपत राहतं, म्हणून सील बदलताना ती वाट साफ करा आणि ऑइल पातळीपेक्षा जास्त भरू नका. तेल मुरलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा लावतात. ते करू नका. तापल्यावर तेल परत वर येतं.

लायनर कोरडे असतील तर पुढची शंका ड्रमच्या मापावर. एका बाजूचा ड्रम टर्निंग केलेला (लेथवर आतून कापून गुळगुळीत केलेला), दुसऱ्या बाजूचा नाही, असं फार होतं. टर्निंग करायचं तर एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला आणावे लागतात. आतलं माप दोन-तीन दिशांनी घ्या. एक दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ड्रम लंबगोल झाला आहे, पाय ठेवल्यावर पेडल धडधडतं ते यामुळेच. किती कापायचं याची मर्यादा ड्रमवर किंवा मॅन्युअलमध्ये असेल ती पाळा. ती मिळत नसेल तर मूळ व्यासापेक्षा एक ते दीड मिलिमीटर मोठं माप ही शेवटची हद्द समजा. पातळ ड्रम उष्णता साठवू शकत नाही आणि त्याला तडे जातात.

टर्निंग झालेल्या मोठ्या ड्रममध्ये जुन्या गोलाईचा शू पूर्ण टेकत नाही. ड्रमला आतून खडू फासा, शू बसवून ड्रम हाताने फिरवा आणि खडू कुठे उमटला ते बघा. मध्यावर उमटला तर हरकत नाही, वापराने कडा बसतील. फक्त दोन टोकांना उमटला तर तो शू ओरडेल आणि मधूनच झटका देऊन धरेल. तो ड्रमच्या गोलाईला घासून आणायला हवा. रिव्हेटचे लायनर असतील तर रिव्हेट मधून बाहेरच्या टोकाकडे ठोकत न्या, नाहीतर लायनर शूपासून फुगलेला राहतो. आणि लायनर एका ॲक्सलला एकाच बनावटीचे, एकाच वेळी घ्या. नरम एकीकडे आणि कडक दुसरीकडे लागले तर कितीही ॲडजस्ट केलं तरी गाडी ओढणारच.

नवे लायनर बसवताना पहिल्याच दिवशी जोरात ब्रेक मारून बघायची हौस टाळा. चाळीस-पन्नासच्या वेगावरून हलके पंधरा-वीस ब्रेक, मधे ड्रम गार होऊ द्यायचे. पृष्ठभाग एकदा जळून गुळगुळीत झाला की लायनर धरत नाही.

प्रश्न (ठाणे) : गॅरेजमध्ये ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवतात. मुलगा तिथे मदतीला असतो. त्रास होईल का?

होऊ शकतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन राहतात आणि आजार दिसायला दशकं लागतात. हवा मारायला मनाई करा. पाण्याचा फवारा देऊन धूळ ओली करा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. नाकावर साधा रुमाल पुरत नाही, पी-१०० दर्जाचा फिल्टर असलेला मास्क लावा. लायनर कोरडे घासायचे तर मुलाला तिथे थांबवू नका.

प्रश्न (रत्नागिरी) : खाऱ्या हवेने ब्रेकच्या लोखंडी नळ्या सोलल्यासारख्या झाल्यात. फ्रिजवाल्याकडून तांब्याची नळी घेऊन बसवू का?

तांबं बसवू नका. ते गंजत नाही हे खरं, पण हादऱ्यांनी कडक होत जातं आणि एक दिवस टोकाशी तडकतं. तांबं-निकेल मिश्रधातूची ब्रेकचीच नळी मिळते, तुमच्या किनाऱ्याला तीच योग्य. हाताने वळते आणि मिठाला दाद देत नाही. ती जमली नाही तर आवरण असलेली पोलादी नळी घ्या. बाहेरचा व्यास बहुतेक ठिकाणी ४.७५ मिलिमीटर, म्हणजे तीन षोडशांश इंच.

चूक होते ती टोकांना. विलायती वंशाच्या गाड्यांचे (अँबॅसिडर) आटे इंची, इटालियन वंशाच्या गाड्यांचे (पद्मिनी) मेट्रिक. दोन्ही दिसायला इतके सारखे की चुकीचा नट दोन-तीन आटे आत जातो आणि जोर लावला की सिलिंडरचे आटे खातो. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरायला हवा, नाही फिरला तर तो त्याचा नाही. टोकाची फुली (फ्लेअर, म्हणजे नळीचं फुलवलेलं तोंड) दोन प्रकारची असते : दुहेरी दुमडलेली, उमललेल्या तोंडाची आणि बुडबुड्यासारखी गोल. जुन्या नळीचं टोक ज्या आकाराचं तेच करा. एकेरी फुली ब्रेकच्या दाबाला चिरते. नट आधी नळीत ओवा, मग फुली काढा. हे विसरल्याने नळी वाया जाते. जुना नट सोडताना साधा पाना न वापरता नटला पाच बाजूंनी धरणारा फ्लेअर पाना घ्या. नवी नळी मूळ क्लिपांत बसवा, सायलेन्सरपासून लांब.

प्रश्न (नागपूर) : सगळं नवं बसवलं, चार वेळा एअर काढली, तरी पेडल दोनदा मारल्याशिवाय ब्रेक लागत नाही.

दोनदा मारल्यावर पेडल वर येऊन कडक लागतं आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली जातं, तर तो हवेचा दोष नाही. शू ड्रमपासून लांब आहेत. पहिल्या दाबाचं ऑइल शू ड्रमपर्यंत न्यायलाच खर्च होतं. एअर काढण्याआधी शू ॲडजस्ट करायचे असतात, उलट नाही. चाक फिरवत ॲडजस्टर चाक थांबेपर्यंत आवळा, पेडल एकदा जोरात दाबून शू मध्ये बसू द्या, पुन्हा आवळा, मग चाक मोकळं फिरेपर्यंतच सोडा. हलकी घसट ऐकू आली तर चालते. पुढे प्रत्येक शूला वेगळा ॲडजस्टर असेल तर दोन्ही करा, एकच केलेला फार आढळतो. हँडब्रेकची केबल या वेळी सैल हवी, ती सर्वांत शेवटी ताणा.

दाबलेलं पेडल स्प्रिंगसारखं परत पायाला ढकलत असेल तर मात्र आत हवा आहे. आणि पाय स्थिर ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली उतरत असेल तर गळती आहे, किंवा मास्टरचा कप आतल्या आत ऑइल सोडतो आहे. बाहेर कुठे थेंब नसेल तर दुसरंच.

हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा आणि जवळ येत जा. ब्लीडरला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. आतला माणूस पेडल सावकाश दाबून धरतो, तुम्ही ब्लीडर उघडता, पेडल खाली गेल्यावर आधी ब्लीडर बंद, मगच तो पाय उचलतो. क्रम चुकला की हवा उलटी आत जाते. पाच-सहा दाबांनंतर टाकी भरा. जुना मास्टर असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून चाल मर्यादित करा. एरवी कप ज्या भागात कधी गेलेला नाही तिथे गंज साचलेला असतो, पूर्ण दाबलं की कप त्यावर घासून फाटतो. बाटलीतलं ऑइल परत टाकीत ओतू नका.

हे सगळं करूनही हवा राहत असेल तर व्हील सिलिंडर डावा-उजवा अदलाबदल झालेत का बघा. ब्लीडर सिलिंडरच्या वरच्या अंगाला हवा. तो नळीच्या खाली आला तर वरची हवा निघायला वाट नाही, मग दहा वेळा काढली तरी तेच.

शेवटी पेडल पूर्ण ताकदीने एक मिनिट दाबून धरायला लावा आणि प्रत्येक जोडाला पांढरा कागद लावून बघा. रस्त्यावर जाण्याआधी मोकळ्या मैदानात ताशी दहा-वीसच्या वेगावर ब्रेक तपासा, शंभर किलोमीटरनंतर शू पुन्हा एकदा ॲडजस्ट करा.

प्रश्न (मुंबई) : माझी अँबॅसिडर १९७२ ची. पुढे डिस्क ब्रेक बसवून मिळतील असं एक जण म्हणतो. बसवू का?

आमचं मत : नको. डिस्क म्हणजे चार बोल्टचं काम नाही. ड्रमच्या मास्टरमध्ये एक झडप असते. ती नळीत थोडा दाब कायम ठेवते, त्यामुळे कपांच्या कडा सिलिंडरला चिकटून राहतात. डिस्कला तोच दाब मिळाला की पॅड सतत घासतात. शिवाय ड्रमचा पुढचा शू चाकाच्या फिरण्याने स्वतःच ड्रममध्ये ओढला जातो आणि पायाला मदत करतो. डिस्कमध्ये ही मदत नाही, म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसेल तर पेडल जड होतं. मग कोणीतरी मोठ्या बोअरचा मास्टर बसवतं आणि गोष्ट आणखी बिघडते. पाऊण इंचाऐवजी सात अष्टमांश इंचाचा पिस्टन आला की पायाचा जोर तेवढाच राहून दाब चौथ्या हिश्शाहून अधिक घटतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ बनावटीत केलेल्या बदलांवर मर्यादा घालतं. तुमची गाडी पन्नास वर्षांपुढची आहे. २०२१ च्या नियमांनुसार तिला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे बदल नकोत. मात्र ही नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. हे ठरवून मगच अर्ज करा.

सुरक्षिततेसाठी पैसे घालायचेच असतील तर मूळच्याच बोअरचा दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवण्याची चौकशी करा. एक बाजू फुटली तरी दुसऱ्या बाजूचे ब्रेक उरतात. काढलेला मूळ मास्टर तेल लावून जपून ठेवा.

प्रश्न (सावंतवाडी) : गाडी पावसाळ्यात तीन महिने उभी असते. दरवर्षी दसऱ्याला मागची चाकं जाम सापडतात.

उभी करताना हँडब्रेक ओढू नका. ओलसर हवेत लायनर ड्रमला गंजाने चिकटतो. गिअरमध्ये ठेवा आणि चारही चाकांना गुटके लावा. आठवड्यातून एकदा पेडल दहा-बारा वेळा दाबा, म्हणजे पिस्टन एका जागी बसणार नाहीत. ब्रेक ऑइल पावसाळा संपल्यावर बदला, आधी नाही. जाम झालंच तर इंजिनच्या जोराने ओढू नका, लायनर शूवरून सुटून येतो. चाक काढून ड्रमच्या कडेला, चाकाच्या स्टडपासून दूर, लाकडी हातोड्याने गोल ठोका, मग चाक लावून गाडी पुढे-मागे हलवा.